गच्चीवरची अठ्ठेचाळीस रोपं

शारजात रोल्लाजवळच्या आमच्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर एका हिवाळ्यात मी चीडाची अठ्ठेचाळीस रोपं वाढवली. ऐकणारे हसायचे. चीड म्हणजे पाइन, हिमालयातलं झाड, ते इथे वाळवंटात कशाला, असं प्रत्येकाने विचारलं. मी सांगायला लागायची की चीडाच्या काही जाती भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या डोंगरांवर वाढतात, त्यांना ऊन आणि तहान दोन्हींची सवय असते. तोवर समोरच्याचं लक्ष फोनकडे गेलेलं असायचं. नवऱ्याचं मात्र जायचं नाही. निदान मला तसं वाटायचं.

मी पुण्यात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं, पीएच.डी.ला नाव घातलं आणि दीड वर्षात लग्न होऊन इथे आले. माझ्या गाइड मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, "परत यावंसं वाटलं तर ये." असं सगळेच म्हणतात, म्हणून मी ते सोडून दिलं. पुढे मुलगी झाली, मी एका भारतीय शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले, आणि बघता बघता सोळा वर्षं गेली.

मग एकदा सुट्टीत आम्ही तिघं ओमानच्या डोंगरात गेलो. तिथे उंचावर ज्युनिपरची म्हातारी झाडं आहेत, पिळवटलेल्या खोडांची. मी त्यांच्या आसपास रोपं शोधत हिंडले. उघड्यावर एकही नव्हतं. जी तीन-चार सापडली ती दुसऱ्या झुडपांच्या सावलीत, आणि तीही काडीसारखी बारीक. सावलीने त्यांना दुष्काळात वाचवलं होतं, की सावलीनेच अशक्त केलं होतं? मी तिथे दगडावर बसून राहिले. मुलगी गाडीतून ओरडत होती, "आई, कॅन वी प्लीज गो?" नवरा मात्र शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "विचार ना तुझ्या मॅडमना."

मी मेल लिहिली. मॅडमचं उत्तर दोन दिवसांत आलं. ज्युनिपरचं बी उगवायलाच दोन वर्षं घेईल, त्यापेक्षा चीड घे. छोटा प्रयोग कर, एका हंगामाच्या नोंदी आण, मग नाव पुन्हा घालायचं बघू. मी ती मेल किती वेळा वाचली ते सांगत नाही.

गच्चीची किल्ली नातूरकडे. इथे वॉचमनला नातूर म्हणतात. आमचा नातूर केरळचा, साठी ओलांडलेला, आमच्याआधीपासून त्या इमारतीत. तो म्हणाला, "मॅडम, पानी नीचे टपकना नहीं. कंप्लेंट आया तो खलास." मी कबूल केलं. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंतच जाते. तिथून वर मातीची पोती नवऱ्याने वाहिली. सकाळी सहाला घर सोडून ट्रॅफिकमधून दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसच्या ऑफिसात जाणारा आणि संध्याकाळी तसाच परत येणारा माणूस, सुट्टीच्या दिवशी पोती वाहत होता. शेडनेटची हिरवी जाळीही त्यानेच लोखंडी पाइपांना बांधली. मी बांधली असती तर पहिल्याच वाऱ्यात ती दुबईला गेली असती.

ऑक्टोबरात बी पेरलं. तीन आठवड्यांत उगवलं. जानेवारीत रोपं बोटभर झाली तेव्हा बारा-बारांचे चार गट केले. पहिला उघड्या उन्हात, रोज मोजून पाणी. दुसरा उन्हातच, पण पाणी आठवड्यातून एकदा. तिसरा जाळीखाली, रोज पाणी. चौथा जाळीखाली, पाणी आठवड्यातून एकदा. प्रत्येक कुंडीत नंबर लिहिलेली पांढरी पट्टी. शाळेला शुक्रवारी सुट्टी असते, त्या दिवशी सकाळी मी पाण्याच्या टाक्यांच्या आणि एसीच्या खोक्यांच्या मधल्या जागेत बसून एकेक रोप मोजपट्टीने मोजायची आणि वहीत लिहायची.

मार्चपर्यंत फरक डोळ्यांना दिसायला लागला. जाळीखाली रोज पाणी पिणारी रोपं उंच, मऊ, हिरवीगार. उन्हात तहानलेली ठेंगणी, निळसर, त्यांची पानं तारेसारखी कडक. कोणालाही विचारलं असतं तर त्याने जाळीखालची उचलून घरी नेली असती.

मार्चच्या शेवटी आई पुण्यात बाथरूममध्ये पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. मी एकुलती एक. शाळेतून रजा घेतली आणि दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं. रोपांचं काय, हा विचार विमानतळाच्या वाटेवरही डोक्यात होता आणि त्याची लाजही वाटत होती. नवरा म्हणाला, "मी आहे ना. तू आईंकडे बघ." मी त्याला तक्ता दिला होता: कुठल्या गटाला कधी, किती, आणि शुक्रवारी उंची कशी मोजायची. त्याने तो फ्रिजवर लावला.

तीन आठवडे मी हॉस्पिटलात आणि मग आईच्या घरी होते. रोज सकाळी त्याचा मेसेज यायचा, "पाणी दिलं." कधी सोबत एखाद्या रोपाचा फोटो. शुक्रवारी वहीच्या पानाचा फोटो, अठ्ठेचाळीस आकडे. मी तो आईला दाखवायची. "बघ, तुझा जावई ऑफिस सांभाळून एवढं करतोय." आई पडल्या पडल्या म्हणाली, "नशीबवान आहेस." शेजारच्या कॉटवरच्या बाईंनाही मी ते सांगितलं होतं. हे आता आठवलं की कान गरम होतात.

परत आले तेव्हा एप्रिल निम्मा सरला होता. बॅग दारात टाकून आधी गच्चीवर गेले. सगळी जिवंत होती, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. जाळीखालची तर जास्तच गच्च दिसत होती, काहींना बाजूने फुटवे आलेले. मी नवऱ्याच्या गळ्यात पडले. तो जरासा ताठ उभा होता. मला वाटलं, दमलाय. "झाडंच ती, वाढतात," तो म्हणाला.

मी मॅडमना कळवलं की सावलीत, भरपूर पाण्यावर, रोपांना सहाव्या महिन्यातच फांद्या फुटताहेत. त्यांनी लिहिलं, "सावलीत? इतक्या लवकर? पुन्हा नीट बघ." मी नीट बघितलं. फांद्या होत्या. मी तसं परत लिहिलं, थोडं तोऱ्यातच.

मेच्या अखेरीला, ऊन असह्य व्हायच्या आत, प्रयोग संपवायचा होता. रोपं उपटायची, मुळं धुवायची, मूळ आणि शेंडा वेगळे करून कागदी पाकिटांत घालायचे, शाळेच्या लॅबमधल्या ओव्हनमध्ये वाळवून वजन करायचं. झाड तहानेत तगेल की नाही ते वर दिसत नाही. खाली मूळ किती केलंय त्यावर ठरतं. म्हणून हाच दिवस मुख्य.

शुक्रवार होता. मी बादल्या भरून बसले आणि तिसऱ्या गटापासून सुरुवात केली, जाळीखालची रोज पाण्याची. पहिलं रोप ठीक निघालं: शेंडा वीतभर, मूळ जेमतेम चार बोटं. दुसऱ्याची माती पाण्यात सुटली आणि हाताला काहीतरी लागलं. मुळांभोवती जाळी होती. पांढरी, पातळ, चहाच्या पिशवीसारखी. आत कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुशाचा, घट्ट गोळा.

मी ती पाण्याखाली धरून बघत राहिले. माझी रोपं मी बियांपासून केली होती, वाळू आणि मातीत. असली जाळी बाहेरून आयात होणाऱ्या रोपांना असते, मोठ्या नर्सरीत. मग मी शेंडा बघितला, या वेळी खरंच नीट. पानांचा रंग किंचित वेगळा होता. ही चीडाची दुसरीच जात होती, नाताळच्या सुमाराला टेबलावर ठेवायला विकतात ती. कोवळ्या वयात या जाती इतक्या सारख्या दिसतात की मी, वनस्पतिशास्त्राची बाई, दीड महिना रोज बघून ओळखू शकले नव्हते. कुंडीतल्या पट्टीवर अक्षर माझंच होतं. खालचं रोप माझं नव्हतं.

तिसरं धुतलं. जाळी. चौथं. जाळी. पाचवं माझं. असं करत मी ऊन डोक्यावर येईपर्यंत अठ्ठेचाळीस रोपं धुतली.

नातूर टाकीचा वॉल्व्ह बघायला वर आला होता. मी त्याला विचारलं, "मैं इंडिया में थी तब इधर कौन आया था?"

"साब आया था ना, बेबी के साथ. नया पौधा लेके." मग माझा चेहरा बघून तो थांबला. "आपको मालूम नहीं?"

"उसके पहले रोज आते थे?"

तो वॉल्व्हकडे बघत म्हणाला, "पंधरा दिन तो चाबी मेरे पास ही था, मॅडम."

बेबी म्हणजे माझी मुलगी. मी खाली आले तेव्हा ती कोचावर पाय वर घेऊन बसली होती. मी ओली जाळी तिच्यासमोर धरली. ती चौदा वर्षांची आहे, खोटं बोलायला शिकलेली, पण तोंडावर टिकवता न येणारी.

"बाबा सेड यू वुड बी सॅड," ती म्हणाली. "आजी वॉज इन हॉस्पिटल. वी डिडन्ट वॉन्ट टू स्ट्रेस यू."

"आणि नंतर? मी आल्यावर?"

"यू वर सो हॅपी, आई."

रोपं निवडायला ती बरोबर गेली होती. उंची जुळावी म्हणून माझी मोजपट्टी घेऊन.

नवऱ्याचा शुक्रवारी अर्धा दिवस असतो. तो दोनच्या सुमाराला आला, हात धुतले, आणि टेबलावर ओळीने मांडलेल्या चौदा जाळ्या बघितल्या. काय आहे ते त्याने विचारलं नाही. खुर्चीत बसला.

"ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज होती गं," तो म्हणाला. "पहिले दोन दिवस गेलो. मग राहिलं. एक दिवस राहिलं, मग दुसरा. वर गेलो तेव्हा काही वाळलेली होती. तुला तिकडे काय सांगणार होतो? आईंचं ऑपरेशन नुकतंच झालेलं."

"रोज सकाळी मेसेज करत होतास."

"हो."

"वहीतले आकडे?"

"मागच्या आठवड्याचे बघून थोडे थोडे वाढवले."

इतकं सरळ सांगितल्यावर रागवायला जागाच उरत नाही, तरी मी रागावले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. मध्येच तो म्हणाला, "अगं, झाडंच होती ना. हिरवी होती, हिरवी आणून ठेवली. शोधत किती फिरलो विचार हिला." आणि खरोखर त्याच्या आवाजात दुखावलेपण होतं. कष्टाची कदर झाली नाही म्हणून.

तेव्हा मला कळलं की ओमानच्या डोंगरात तो शेजारी येऊन बसला तेव्हा मी काय बघत होते ते त्याला दिसलंच नव्हतं. बायको खूश होती, तेवढं त्याने बघितलं होतं. पोती, पाइप, जाळी, सगळं त्या खुशीसाठी होतं. रोपांशी त्याचं काही नव्हतं आणि प्रश्नाशी तर नव्हतंच.

"मेली ती कुठली होती?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"कुठल्या गटातली किती मेली? पाणी किती दिवस नव्हतं? आठ? पंधरा? आधी कुठली गेली?"

"ते कसं लक्षात असणार? एका ओळीतली जास्त गेली होती. जाळीखालची बहुतेक."

मी सोळा वर्षांनी जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर त्या पंधरा दिवसांत गच्चीवर आपसूक लिहिलं गेलं होतं. दुष्काळ पडला होता, खराखुरा, सगळ्या गटांवर सारखा. कोण तगलं, कोण नाही, हे बघायला तिथे एकच माणूस होता, आणि त्याने मेलेली उचलून कचऱ्यात टाकली.

संध्याकाळी मी पाकिटांवरून हिशोब लावला. जिथे मुळांना पांढरी जाळी, तिथे माझं रोप मेलेलं. उन्हात रोज पाणी पिणारी चार गेली होती. सावलीत रोज पाणी पिणारी आठ. सावलीत कमी पाण्याची दोन. उन्हात तहानलेली, ठेंगणी, कोणी उचलून नेली नसती ती, बाराच्या बारा उभी. त्यांची मुळं कुंडीच्या तळाला जाऊन वेटोळी झाली होती. लाडात वाढलेल्यांनी सगळी ताकद शेंड्यात घातली होती. उत्तर समोर होतं, आणि ते कुठेही लिहिता येत नव्हतं, कारण पाणी नेमकं किती दिवस बंद होतं ते कोणालाच सांगता येत नव्हतं आणि वहीतली तीन पानं खोटी होती.

मॅडमना फोन केला. मेल लिहायचा धीर झाला नाही. फांद्यांचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू स्वतः फोन केलास हे बरं केलंस. ऑक्टोबरात पुन्हा पेर." नवऱ्याबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही, त्याचे मी अजून आभार मानते.

आम्ही भांडत राहिलो असं नाही. भांडण आठवडाभरात संपलं. पण मला एक खोड लागली. तो "गॅस बंद केला" म्हणाला की मी स्वयंपाकघरात जाऊन बघायची. "आईंना पैसे पाठवले" म्हणाला की मी आईला फोन करायची. त्याला ते दिसायचं. त्याने कधी हटकलं नाही.

ऑगस्टमध्ये सिलिकॉन ओएसिसला त्याच्या ऑफिसातल्या मित्राकडे जेवायला गेलो होतो. पाच-सहा मराठी कुटुंबं, मसालेभात, गप्पा. कोणीतरी म्हणालं, "वहिनी, तुमच्या झाडांचं काय झालं?" मी तोंड उघडायच्या आत नवरा सुरू झाला. "अरे, तो किस्सा सांगतो. ही पुण्याला, मी इकडे रिलीजमध्ये, चार-पाच झाडं मेली. मी काय केलं, गेलो नर्सरीत..." त्याने छान सांगितलं. नर्सरीवाल्याची नक्कल केली, "पाइन सेम सेम, हबीबी." मुलीने पट्टी कशी लावली ते सांगितलं. सगळे पोट धरून हसले. "आणि डॉक्टरीणबाईंना दीड महिना पत्ता नाही!" त्याने शेवट केला.

"चौदा होती," मी म्हणाले.

"काय?"

"चार-पाच नाही. चौदा."

हसणं थांबलं. यजमानीणबाई घाईने म्हणाल्या, "यल्ला, गरम आहे तोवर घ्या." तो माझ्याकडे बघत नव्हता. गाडीत, शारजाच्या नेहमीच्या जॅममध्ये, तो म्हणाला, "गंमत म्हणून सांगितलं गं. इतके दिवस झाले." मी म्हटलं, "गंमत तुझी होती." मागच्या सीटवर मुलीने इअरफोन काढले होते, हे मला आरशात दिसलं.

ऑक्टोबरात मी पुन्हा बी पेरलं, पण गच्चीवर नाही. शाळेच्या मागे भिंतीलगत जागा मागून घेतली. घरी सांगितलं की महापालिकेचा नवीन नियम आलाय, गच्चीवर काही ठेवता येत नाही. नवऱ्याला ते लगेच पटलं. "हो, फायर सेफ्टीचं कडक झालंय," तो म्हणाला.

मुलगी शुक्रवारी माझ्याबरोबर यायला लागली, न बोलावता. मी उंची सांगायची, ती लिहायची. मार्चमध्ये मी सगळ्यांचं पाणी बंद केलं, तारीख टाकून, आणि रोज सकाळी शाळा भरायच्या आधी जाऊन बघितलं. नवव्या दिवशी जाळीखालचं पहिलं उंच रोप मान टाकून बसलं. मी ते वहीत लिहिलं. त्या सकाळी मला इतकं बरं वाटलं की एका झाडाच्या मरणाने इतकं बरं वाटावं का, असंही मनात आलं.

एका शुक्रवारी वही मिटताना मुलीने विचारलं, "आई, देअर इज नो रूल, राइट? अबाउट द टेरेस."

"तुला कोणी सांगितलं?"

"नातूर अंकल. डू आय हॅव टू नॉट टेल बाबा?"

मी तिच्याकडे बघितलं. मागच्या वर्षी एकाने तिला असंच मध्ये उभं केलं होतं. आता मी करत होते.

"नाही," मी म्हटलं. "मी सांगते."

जेवताना सांगितलं. नियम नाही, तू तिथे येऊ नयेस म्हणून मी खोटं बोलले. त्याने घास खाली ठेवला. रागावेल असं वाटलं होतं. तो ताटाकडे बघत म्हणाला, "म्हणजे पाच महिने."

"हो."

"मला शंका पण आली नाही."

"मलाही आली नव्हती," मी म्हणाले.

मुलीने आमटी वाढली. त्यानंतर त्याने तो किस्सा कुठे सांगितलेला मी ऐकला नाही. जूनमध्ये पीएच.डी.ला माझं नाव पुन्हा दाखल झालं. फॉर्मवर सही करायला पेन त्यानेच पुढे केलं, आणि वही बघू का, असं विचारलं. मी दिली. तो सोफ्यावर बसून पान पान उलटत होता, आकड्यांवर बोट फिरवत, आणि मी स्वयंपाकघरातून बघत होते की तो खरंच वाचतोय का.